सार्वजनिक आरोग्याचे परदेशी शिक्षण : कोणासाठी, कशासाठी?

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या दिवशी आशाताई दारात येते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते, अंगावर पिताना बाळ नीट ओढते का ते विचारते. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्याच दिवसाची आणखी एक भेट असते. केंद्र सरकारने ही पद्धत २०११ साली देशभर लागू केली. आपल्यापैकी पुष्कळ घरांनी ती पाहिली आहे.

ही पद्धत दिल्लीतल्या कचेरीत बसून कोणी शोधलेली नाही. ती गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांत घडली. ज्या डॉक्टर पती-पत्नींनी ती घडवली, त्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्याआधी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते. म्हणजे परदेशातल्या एका वर्गाचा धागा आपल्या वस्तीतल्या पाळण्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. हे शिक्षण काय असते, त्याचा खर्च कोण करते आणि आपल्या घरातल्या मुलामुलींना ते कसे मिळू शकते, हे या वेळी समजून घेऊ.

डॉक्टरकी आणि सार्वजनिक आरोग्य

डॉक्टर एका वेळी एका रुग्णाला तपासतो. खोकला आला, थुंकी तपासली, क्षयरोग निघाला, गोळ्या सुरू केल्या. हे काम मोलाचेच आहे. पण एकाच गल्लीतून, एकाच इमारतीतून वर्षानुवर्षे क्षयाचे रुग्ण येत असतील, तर प्रश्न फक्त गोळ्यांचा उरत नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन इमारतींमध्ये संशोधकांनी हेच पाहिले. एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या इमारती, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि त्याच घरांत क्षयाचा जास्त प्रादुर्भाव. इथे इमारतीचा नकाशा हेही आजाराचे एक कारण ठरते.

रोग कोणाला होतो, कुठे होतो, केव्हा होतो आणि का होतो, याचा हिशेब मांडणे म्हणजे सार्वजनिक आरोग्य. या विषयाच्या पदव्युत्तर पदवीला एमपीएच म्हणतात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ती साधारण एक ते दोन वर्षांत पूर्ण होते. त्यात रोगप्रसाराचे शास्त्र, संख्याशास्त्र, पाणी-हवा-सांडपाणी आणि आरोग्य, कामाच्या ठिकाणचे आजार, माता-बालआरोग्य, सरकारी आरोग्य खात्याचा कारभार आणि पैशांचे नियोजन असे विषय असतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. हे शिक्षण केवळ एमबीबीएस झालेल्यांसाठी नाही. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फार्मसी, समाजकार्य, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र अशा पदव्या घेतलेल्यांनाही अनेक विद्यापीठे या अभ्यासक्रमाला प्रवेश देतात. आरोग्याच्या कामाचा अनुभव असेल तर तो जमेस धरला जातो. वस्तीतल्या आरोग्य केंद्रात चार वर्षे काम केलेली परिचारिका किंवा क्षयरोग कार्यक्रमात फिरलेला बी.एस.डब्ल्यू. झालेला तरुण या शिक्षणाला पात्र ठरू शकतो.

ही परंपरा कुठून आली

सार्वजनिक आरोग्यासाठी देशोदेशीच्या तरुणांना परदेशी शिकवायचे, ही पद्धत शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशनने दिलेल्या पैशातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ साली सार्वजनिक आरोग्याचे विद्यालय स्थापन झाले आणि १९१८ साली वर्ग सुरू झाले. लंडनचे प्रसिद्ध आरोग्य विद्यालय आणि आपल्याकडे १९३२ साली कलकत्त्यात स्थापन झालेली अखिल भारतीय आरोग्य संस्था, यांच्या उभारणीतही याच फाउंडेशनचा पैसा होता. त्याबरोबर या संस्थेने अनेक देशांतल्या डॉक्टरांना, परिचारिकांना, स्वच्छता अभियंत्यांना फेलोशिप दिल्या. फेलोशिप म्हणजे शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च भागवणारी वृत्ती. पण त्यामागे एक अपेक्षा असे. शिकून माणूस मायदेशी परतावा आणि परतल्यावर त्याच्यासाठी कामाची जागा तयार असावी.

त्या पिढीतले एक नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. चीनचे डॉ. चेन झीचियान हे रॉकफेलरच्या मदतीने हार्वर्डला सार्वजनिक आरोग्य शिकले. परत आल्यावर १९३२ पासून ते पेकिंगच्या दक्षिणेला डिंगशियान नावाच्या ग्रामीण जिल्ह्यात काम करू लागले. तिथे खेड्याला डॉक्टर परवडणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी गावातलाच एक माणूस निवडून त्याला थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि औषधांची एक लहान पेटी दिली. देवीची लस टोचणे, जन्म-मृत्यूची नोंद ठेवणे, विहीर स्वच्छ राखणे आणि किरकोळ दुखण्यावर उपचार करणे ही त्याची कामे. १९३७ साली जपानने आक्रमण केले आणि हे काम मोडले. पण गावातल्या माणसालाच आरोग्याचा कार्यकर्ता करायचे, हा विचार टिकला. पुढे चीनचे ‘अनवाणी डॉक्टर’ जगभर गाजले, त्यांच्याआधी तीस-पस्तीस वर्षे ही वाट पाडलेली होती.

बाल्टिमोरहून जामखेडला

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण जामखेडचे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात वडाळा इथल्या मिशन रुग्णालयात काम करत होते. तिथे त्यांना एक गोष्ट टोचत होती. बरे होऊन गेलेली माणसे पुन्हा त्याच आजाराने येत होती, कारण घरचे पाणी तेच होते, ताटातले अन्न तेच होते. १९६० च्या दशकात ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. तिथे वैद्यकीय शिक्षण पुढे घेतले आणि मग जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. त्यांचे गुरू डॉ. कार्ल टेलर यांचा जन्म मसुरीजवळ लंढौरचा. पंजाबातल्या खेड्यांत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते. पुढे बंग दांपत्यालाही तेच गुरू लाभले.

आरोळे १९७० साली परतले आणि त्यांनी मुद्दाम जामखेडसारखा दुष्काळी, गरीब तालुका निवडला. सुरुवातीला त्यांनी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवून पाहिल्या. पण बाहेरून आलेल्या मुलीपुढे गावातल्या बाया मन मोकळे करत ना. मग गावाने आपल्यातलीच एक बाई निवडायची असे ठरले. निवडलेल्या बायांपैकी अनेक जणी दलित समाजातल्या होत्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या जामखेडला येऊन शिकत, एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करत. गावात परतून त्या गरोदर बाईची तपासणी करू लागल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवू लागल्या, क्षय आणि कुष्ठरोगाचे रुग्ण ओळखू लागल्या. ज्यांची सावली टाळली जायची, त्या बाईला सवर्णांच्या घरातली सून बाळंतपणासाठी बोलावू लागली.

पाण्याचीही तीच गोष्ट. दुष्काळात हातपंप बसवायचे होते, तेव्हा ते दलित वस्तीत बसतील अशी काळजी घेतली गेली. पाणी हवे तर गावाने वस्तीत यावे. चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांच्या पूर्वजांनी केला, त्यांना या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

परिणाम आकड्यांत दिसला. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला होता. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीची गोष्ट याच वाटेने पुढे जाते. बंग दांपत्याने १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली तेव्हा १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि बहुतेकींना त्यावर कधीच उपचार मिळालेले नव्हते. त्यानंतर नवजात बाळांचा अभ्यास झाला. ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेतली गेली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली गेली. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण दर हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. आज आशाताई सहा वेळा आपल्या दारात येते, ती याच कामामुळे.

परदेशी शिक्षणाने या माणसांना काय दिले? बाळे मरतात हे त्यांना आधीही दिसत होते. किती मरतात, कोणत्या दिवशी मरतात, कशाने मरतात आणि काय केले तर वाचतात, हे मोजून सरकारपुढे आणि जगापुढे मांडण्याची रीत त्यांना तिथे मिळाली. दुःख सांगितले तर लोक हळहळतात. मोजून मांडलेल्या दुःखाला सरकारला उत्तर द्यावे लागते.

आपली मुले तिथे का हवीत

गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचे आजार, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातापायांच्या जखमा, दगडखाणीत काम करणाऱ्याची फुप्फुसे, पहाटे तीनला येणाऱ्या पाण्यासाठी जागणाऱ्या मुलीची झोप, शौचालय दूर म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाईचा मूतखडा. हे सारे आरोग्याचे प्रश्न आहेत. पण कोणता प्रश्न मोजायचा हे ज्याच्या हाती लेखणी आहे तो ठरवतो. जो या वस्तीत राहिलेला नाही, त्याला हे प्रश्न सुचतीलच असे नाही. म्हणून या शिक्षणाच्या वर्गात आपली मुले-मुली असणे गरजेचे आहे.

बाबासाहेबांचे शिक्षणही अशाच वृत्तीवर झाले. १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परतल्यावर संस्थानाची नोकरी करायची असा करार होता. ते बडोद्याला गेले, नोकरी होती, पण शहरात अस्पृश्याला राहायला कोणी जागा दिली नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्याने परतणाऱ्याला नोकरी देणे पुरेसे नसते, त्याला मानाने उभे राहता येईल अशी जागाही लागते. आजही परत येणाऱ्या मुलीला काम कुठे मिळेल, हा विचार घराने आणि समाजाने आधीपासून करायला हवा.

कोणत्या शिष्यवृत्त्या आहेत

१. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची ही योजना १९५४-५५ पासून चालू आहे. परदेशात पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. यांसाठी दरवर्षी १२५ जागा असतात, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. सध्याच्या नियमांत वय ३५ पर्यंत, पदवीला किमान ६० टक्के गुण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत अशा अटी आहेत. विद्यापीठ जगातल्या पहिल्या ५०० मध्ये असावे लागते.

२. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. महाराष्ट्र शासनाच्या समाजकल्याण विभागाची ही योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. जागा ७५. हिची जाहिरात समाजकल्याण आयुक्तालयातर्फे निघते.

३. फुलब्राइट-नेहरू फेलोशिप. भारत आणि अमेरिका यांच्यात १९५० साली झालेल्या करारातून आलेली. तिच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या यादीत सार्वजनिक आरोग्य हा विषय आहे. किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते.

४. चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ. दोन्ही ब्रिटनच्या. चेव्हनिंग १९८३ पासून आहे. तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि परतल्यावर दोन वर्षे आपल्या देशात राहावे लागते. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती १९५९ पासून दिली जाते.

५. इरॅस्मस मुंडस. युरोपीय संघाची वृत्ती. तिच्यातल्या ‘युरोपबहेल्थ’ या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात युरोपातल्या एकापेक्षा जास्त देशांत शिकायला मिळते.

बहुतेक वृत्त्यांत शिकवणी शुल्क, राहण्याचा मासिक खर्च, विमानाचे भाडे आणि आरोग्य विमा यांचा समावेश असतो. अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरातच प्रमाण मानावी.

तयारी कशी करावी

कागदपत्रांपासून सुरुवात करा. पासपोर्ट, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका. केंद्राच्या योजनेसाठी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. धर्म बौद्ध लिहिला म्हणून केंद्राची सवलत मिळणार नाही, असे कोणी सांगितले तर घाबरू नका. १९९० साली झालेल्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या आहेत. पण नमुना चुकला तर अर्ज अडतो. तहसील किंवा प्रांत कार्यालयात योग्य नमुना मागून घ्या.

क्रम समजून घ्या. सरकारी योजनांसाठी आधी परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती लागते. चेव्हनिंगसाठी मात्र अर्ज आधी करता येतो आणि प्रवेश नंतर मिळवता येतो. विद्यापीठांचे अर्ज साधारण वर्षभर आधी सुरू होतात. इंग्रजीची परीक्षा त्याआधी द्यावी लागते. म्हणजे पुढच्या वर्षी जायचे तर तयारी या वर्षी हवी.

शिष्यवृत्ती मिळण्याआधीच काही खर्च येतो, हे घराने आधीच धरून चालावे. इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाचे अर्ज शुल्क, गुणपत्रिका पाठवणे, पासपोर्ट, व्हिसा. काही विद्यापीठे विनंती केल्यास अर्ज शुल्क माफ करतात, म्हणून पत्र लिहून विचारावे. ‘पैसे द्या, शिष्यवृत्ती मिळवून देतो’ म्हणणारा दलाल भेटला तर तिथूनच परत फिरावे. त्यासाठी दागिने मोडू नयेत, सावकाराकडे जाऊ नये.

अर्जात एक निबंध लागतो. तुम्ही हा विषय का निवडला, आजवर काय केले आणि परतून काय करणार, हे त्यात लिहायचे असते. इथे मोठे इंग्रजी शब्द कामाचे नाहीत. आपल्या वस्तीतला एक खरा प्रश्न घ्यावा आणि त्यावर आपण काय पाहिले, काय मोजले, काय करून पाहिले ते साधेपणाने लिहावे. नळाला कोणत्या वेळी पाणी येते आणि जुलाबाचे रुग्ण कोणत्या महिन्यात वाढतात, याची सहा महिन्यांची वही ज्या मुलाने ठेवली आहे, त्याच्या अर्जाला वजन येते.

परदेशी जाणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था, कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्य संस्था, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था अशा ठिकाणी भारतातही सार्वजनिक आरोग्याचे चांगले शिक्षण मिळते. ते आधी करून, काही वर्षे काम करून मग परदेशी वृत्तीसाठी अर्ज करणारेही असतात.

घराने आणि विहाराने काय करावे

घरात पदवीधर मुलगी किंवा मुलगा असेल तर या महिन्यात तीन कामे करा. पासपोर्टचा अर्ज भरा. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवा. आणि जवळच्या आरोग्य केंद्रात, क्षयरोग कार्यक्रमात किंवा वस्तीत काम करणाऱ्या संस्थेत कामाचा अनुभव घ्यायला सुरुवात करा. लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांना दोन वर्षे थांबायला सांगा.

विहारात रविवारी मुले जमतात, तिथल्या फलकावर या पाच शिष्यवृत्त्यांची नावे लिहून ठेवता येतील. जाहिरात निघाली की ती तिथे लावता येईल. वस्तीतला जो कोणी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आला आहे, त्याला एका रविवारी बोलावून मुलांचे अर्ज तपासायला बसवता येईल. आणि आशाताई पुढच्या वेळी घरी आली की तिच्या मुलीला काय शिकायचे आहे, तेही विचारा. वस्तीचे आजार त्या घराला सर्वांत आधी ठाऊक असतात.